गच्चीवरचा रब्बी हंगाम

लेमन बाम ही वनस्पती आपल्याकडची नव्हे. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील किनारा आणि तेथून इराणपर्यंत पसरलेला पश्चिम आशियाचा डोंगराळ मुलूख हे तिचे मूलस्थान असून, मठांच्या आणि घरांच्या आवारांतून ती पुढे सर्व युरोपभर पसरली. लिनीयसने १७५३ साली तिला ‘मेलिसा ऑफिसिनालिस’ हे शास्त्रीय नाव दिले, तथापि त्यापूर्वी कित्येक शतके ग्रीक, रोमन आणि अरबी वैद्य तिला ओळखत होते. तुळस, पुदिना, सब्जा आणि पानओवा ज्या कुळातले, त्याच कुळातली ही एक हात-दीड हात उंचीची झुडुपवजा वनस्पती आहे. तिचा दांडा चौकोनी, पाने समोरासमोर, आकाराने हृदयासारखी, कडेला गोलसर दाते असलेली आणि शिरांच्या जाळ्यामुळे किंचित सुरकुतलेली असतात. पान चुरडून नाकाशी धरले की आपल्याकडचा मनुष्य प्रथम ‘गवती चहा’ असेच म्हणतो, आणि त्यात त्याची चूक नसते, कारण सिट्रल नावाचे जे द्रव्य गवती चहाला त्याचा लिंबासारखा वास देते तेच हिच्याही पानांत असते; परंतु गवती चहाचा वास जेथे तीव्र होऊन थांबतो तेथे हिचा वास मृदू होत जातो, आणि ज्याने तो एकदा नीट घेतला त्याला पुढे दोहोंची गल्लत होत नाही.

भूमि अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून माझी उमेदीची वर्षे गेली. शंकू-साखळीच्या काळात नोकरीस लागलो आणि यंत्रे आल्यावर पेन्शनीत निघालो. त्या अवधीत पुणे आणि सोलापूर या जिल्ह्यांतील अनेक गावांच्या हद्दी पायाखाली घातल्या, बांधाबांधांवर बसून शेतकऱ्यांची भाकरी खाल्ली, आणि त्यांच्या तोंडून जे ऐकले त्यातले पुष्कळसे त्या वेळी निरुपयोगी वाटले तरी मनाच्या दप्तरात दाखल होऊन राहिले. पुण्यास स्थायिक झाल्यावर गच्चीवर कुंड्या मांडल्या, त्यांत तुळस, पुदिना, ओवा, कढीलिंब अशी घरोघरची मंडळी होतीच, आणि त्यांच्यासाठी कोणाला विशेष तसदी घ्यावी लागत नाही. लेमन बामने मात्र मला इतकी वर्षे कामास लावले, की माझ्या निवृत्तीचा सर्वात अधिक आणि सर्वात आनंदाचा वेळ तिच्याच खात्यावर खर्ची पडला असे म्हणावे लागेल. ग्रंथांत तिची गणना बहुवर्षायू वनस्पतींत करतात आणि थंड देशांत ते यथार्थही आहे. तेथे हिवाळ्यात ती जमिनीबरोबर सुकते आणि वसंतात मुळांपासून पुन्हा फुटते. दख्खनच्या पठारावर तिला हिवाळा नव्हे, तर वैशाख आणि त्यापाठोपाठ येणारा आषाढ मारतो. म्हणून येथे तिला दरसाल नव्याने, बियांपासून उभी करावी लागते, आणि हे जे दरसालचे नव्याने उभे करणे, तेच माझ्या या लेखनाचा विषय आहे.

बियांपासूनच का, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. पुदिन्याप्रमाणे हिचीही फांदी पाण्यात किंवा ओल्या वाळूत ठेवली असता तिला मुळे फुटतात, आणि जुन्या झाडाचे ठोंब फोडूनही ती वाढविता येते, ही गोष्ट खरी आहे. परंतु छाट घेण्यास आधी झाड पाहिजे, आणि रोपवाटिकांत रोझमेरी किंवा थाइम मिळाले तरी हे रोप सहजासहजी मिळत नाही. मिळाले तरी ते हरितगृहाच्या दमट सावलीत वाढलेले असते. गच्चीवरच्या वाऱ्यात आणल्यावर आठवडाभरात त्याची कोवळी पाने करपतात आणि पुष्कळदा ते पुन्हा सावरत नाही. उलट जे रोप पहिल्या दोन दलांपासून आपल्याच गच्चीचे ऊन, वारा आणि पाणी घेऊन वाढले त्याला नंतर कशाचीही सवय करावी लागत नाही. मला बियांची ओढ लागण्यास आणखीही एक कारण घडले. ते पुढे यथाक्रम सांगेन.

आपल्याकडे पेरणी म्हटली की मृग नक्षत्र डोळ्यांसमोर येते. पहिला पाऊस पडून मातीचा वास सुटला, की ज्याच्यापाशी एक वीतभर जागा असेल त्यालाही काहीतरी पेरावेसे वाटते, आणि ही प्रेरणा इतकी पुरातन आहे की तिला दोष देता येत नाही. आमच्या शेजारच्या इमारतीतील एक सद्गृहस्थ, ज्यांनी हौसेने हेच बियाणे मिळविले होते, त्यांनी ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरले. सात-आठ दिवसांत कुंडीच्या मातीवर शेवाळाची हिरवी साय धरली, पागोळ्यांच्या थेंबांनी बी उडून कडेला साचले, जे थोडे उगवले ते बुंध्याशी काळे पडून आडवे झाले, आणि त्या गृहस्थांनी बियाणे खोटे असल्याचा निष्कर्ष काढला. बियाणे खोटे नव्हते. त्यातलेच उरलेले बी त्यांनी मला दिले आणि ते कार्तिकात माझ्याकडे चांगले उगवले.

मला हा मार्ग सुचला तो माझ्या जुन्या धंद्यामुळे. गच्चीवरील लागवडीची मी जी वही ठेवतो तिचे रकाने मी सवयीने गाव नमुना बाराप्रमाणे आखले होते, म्हणजे हंगाम, पीक, क्षेत्र, जलसिंचनाचे साधन, शेरा; आणि पहिल्याच रकान्यात खरीप लिहावे की रब्बी, हा प्रश्न लेखणी हातात असतानाच उभा राहिला. ज्या रोपाला रात्रीचा गारवा हवा, पावसाचा मार नको, आणि जमिनीत ओल हवी पण पाणी साचलेले नको, ते रोप कोणत्याही देशातून आलेले असो, आपल्या हिशेबी ते रब्बीचेच. हस्ताचा पाऊस निघून गेला, चित्रेचे ऊन पडले, स्वाती लागली, की इंदापूर-बार्शीकडे शाळू वर आलेला असतो आणि हरभरा पेरला जातो. त्याच सुमारास, म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे, पुण्यातली रात्र अठरा अंशांच्या खाली उतरू लागते. या बियांना उगवण्यास साधारण अठरा ते एकवीस अंशांची उष्णता मानवते. ऑक्टोबरच्या पूर्वार्धातील दुपार तिला अजून जड जाते, म्हणून मी स्वाती संपता संपता किंवा विशाखा लागल्यावर पेरतो, आणि ही तिथी मी आजवर बदललेली नाही.

इंदापूर तालुक्यातील एका वृद्ध शेतकऱ्याची आठवण येथे सांगितली पाहिजे. हद्दीच्या तक्रारीवरून त्यांच्या रानाची मोजणी होती आणि आदल्या रात्री पाऊस झाल्याने आमची साखळी चिखलात रुतत होती. मी काम थांबविण्याच्या विचारात असता ते खाली बसले, चार बोटे माती उकरून त्यांनी आतली मूठभर माती घेतली, दाबली आणि मूठ माझ्यासमोर उघडली. “साहेब, ह्यो गोळा बघा. बोटानं टोकरला की फुटला पायजे. फुटला तर वाफसा आला. बोटाला चिकटून बसला तर अजून दोन दिस थांबायचं, मग मोजणी असू द्या नायतर पेरणी.” गोळा त्यांच्या बोटाला चिकटला आणि आम्ही थांबलो. मातीच्या कणांना ओल धरून राहिलेली असावी आणि कणांमधल्या जागेत हवाही असावी, अशी जी मातीची अवस्था तिला वाफसा म्हणतात हे मला पुस्तकी भाषेत ठाऊक होते, पण ती हाताने कशी ओळखावी हे त्या दिवशी कळले. लेमन बामची रोपे वाढविण्याचे सर्व शास्त्र माझ्या मते या एका मुठीत आहे. कोकोपीट असो, पालापाचोळ्याचे कुजलेले खत असो, की चाळलेली रेती असो, मिश्रण कोणतेही घ्या. पाणी घालण्यापूर्वी मूठ दाबून पाहा आणि गोळा फुटत असेल तरच पुढची तजवीज करा.

आता बियांविषयी. हे बी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर लांब, लंबगोल, गडद तपकिरी आणि गुळगुळीत असते, आणि भिंगाखाली धरले तर त्याच्या निमुळत्या टोकाशी एक पांढुरका डाग दिसतो. फुलाच्या तळाशी ते जेथे चिकटलेले असते तेथली ती खूण होय. प्रत्येक फुलाच्या पोटी अशी चार फळे धरतात, ज्यांना आपण व्यवहारात बी म्हणतो. एका ग्रॅममध्ये ती सुमारे दीड-दोन हजार भरतात, तेव्हा पाकिटात चिमूटभर दिसले तरी ते एका घरासाठी पुष्कळ झाले. पाकिटावरची तारीख मात्र पारखून घ्यावी. एका दुकानात जुन्या तारखेवर नव्या तारखेची चिठ्ठी डकवलेले पाकीट मला मिळाले होते आणि त्यातले बी बहुतेक सर्व मेलेले निघाले. तेव्हापासून सोयाबीन पेरण्यापूर्वी शेतकरी जशी उगवण-चाचणी घेतात तशी मी या बियांचीही घेतो. बशीत ओला टिपकागद ठेवून त्यावर मोजून बी पसरतो, वर काच झाकतो आणि उजेडात ठेवतो. निम्म्याहून अधिक बियांना मोड आले तर पेरणी विरळ करतो, कमी आले तर दाट.

उजेडात, हा शब्द मी मुद्दाम लिहिला. हे बी मातीआड करावयाचे नसते. एका निवृत्त शिक्षिकाबाईंना मी बी दिले होते. त्यांनी मेथी-कोथिंबिरीच्या सवयीने त्यावर बोटभर मातीचा थर दिला आणि महिनाभर वाट पाहून मला बोलावले. मी थर हलक्या हाताने खरवडून काढला, कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवली, आणि पुढे त्यातली काही रोपे खरोखरच वर आली. बाईंना त्याचे मोठे आश्चर्य वाटले आणि त्यांनी कारण विचारले. इतक्या लहान बियांच्या पोटात शिदोरी फार थोडी असते. खोल मातीतून वर येईपर्यंत ती संपते, म्हणून पृष्ठभाग जवळ आहे याची प्रकाशाने ग्वाही मिळाल्याखेरीज असली बीजे जागीच होत नाहीत. धान्याचा दाणा आपल्या बळावर अंधारातून वाट काढतो. हिला ती सवलत नाही. पेरताना मी मिश्रण समतल करतो, बी कोरड्या बारीक रेतीत कालवून चिमटीने पसरतो, आणि वाटीच्या तळाने किंचित दाबतो, एवढेच; म्हणजे बी मातीला चिकटते पण झाकले जात नाही.

वरून पाणी घातले तर बी वाहून एका कोपऱ्यात जमते, यास्तव पेरलेले पसरट भांडे पाण्याने भरलेल्या परातीत ठेवून खालच्या छिद्रांतून ओल चढू द्यावी आणि वरचा थर काळसर दिसू लागला की लगेच उचलावे. त्यावर काचेचे तावदान ठेवावे आणि दिवसातून एकदा ते उचलून पुसावे, नाही तर आत बुरशी धरते. याखेरीज आपल्याकडे एका विघ्नाचा बंदोबस्त करावा लागतो, ज्याचा उल्लेख विलायती पुस्तकांत मला आढळला नाही, आणि ते म्हणजे मुंग्या. उघड्यावर पडलेले बारीक बी त्या एका रात्रीत वाहून नेतात. माझ्या लहानपणी दुधा-तुपाच्या फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीत असत. मी पेरणीच्या मांडणीचे चारही पाय तसेच वाट्यांत ठेवतो, आणि वाट्यांतले पाणी आटू देत नाही.

दोन ते तीन आठवड्यांनी दले दिसतात. ती गोलसर, गुळगुळीत आणि निर्गंध असतात, आणि त्यांच्यावरून रोप कोणाचे हे सांगणे अवघड जाते. काच काढण्याची वेळ मात्र हीच, कारण दमट आणि कोंडलेल्या हवेत बुंध्याशी बुरशी लागून रोपे कोलमडतात आणि एकदा कोलमडण्यास प्रारंभ झाला की सायंकाळपर्यंत निम्मे भांडे रिकामे होते. पाणी कमी करणे, वारा लागू देणे आणि दाटी झाली असेल तेथे कात्रीने विरळणी करणे, या तीन उपायांपलीकडे मी काही करीत नाही. उपटून विरळणी केली तर शेजारच्या रोपाची मुळे दुखावतात. यथावकाश दलांच्या मधून खऱ्या पानांची पहिली जोडी येते. ती जन्मतःच कातरलेल्या कडांची असते, आणि तिच्यावरून हळूच बोट फिरविले असता तो वास प्रथमच येतो. इवल्याशा पानाने इतका स्पष्ट वास द्यावा याचे मला आजही नवल वाटते.

आमच्या इमारतीत राहणारी, वनस्पतिशास्त्र शिकणारी एक मुलगी रोपांच्या पुनर्लागवडीच्या वेळी मदतीस येत असे. ती प्रत्येक रोप हाताळताना बोटे नाकाशी नेई, एके दिवशी तिने दोन रोपे बाजूला ठेवली आणि मला म्हणाली, “आजोबा, ही दोन्ही एकाच पाकिटातली ना? मग या एकाला लिंबासारखा वास येतो आणि दुसऱ्याला जवळजवळ नुसता गवताचा, असे का?” मी दोन्ही पाने चुरडून पाहिली आणि ती म्हणत होती ते तंतोतंत खरे होते. बियांपासून आलेली रोपे एकमेकांची सख्खी भावंडे असली तरी गंधद्रव्यांचे प्रमाण प्रत्येकाच्या वाट्याला निराळे येते. कोणात सिट्रल अधिक, कोणात सिट्रोनेलल, कोणात एकंदर तेलच कमी. छाटापासून केलेली शंभर रोपे म्हणजे वस्तुतः एकच झाड शंभर जागी असते, पण बियांच्या पाकिटात मात्र जितकी बीजे तितक्या शक्यता असतात.

माझ्या कामाला खरे वळण लागले ते त्या मुलीच्या प्रश्नाने. तोपर्यंत जितकी रोपे जगतील तितकी जगवावी एवढाच माझा हेतू असे. नंतर मी निवड करू लागलो. वीतभर उंचीची झाली की प्रत्येक रोपाचे तिसऱ्या पेऱ्याचे पान सकाळी, उन्हापूर्वी, एकाच पद्धतीने चुरडून पाहावे, वहीत शेरा लिहावा, आठ दिवसांनी पहिला शेरा न वाचता पुन्हा पाहावे, आणि दोन्ही शेरे जुळतील तीच रोपे मोठ्या कुंड्यांत घ्यावी, असा शिरस्ता पडला. मोजणीच्या खात्यात एका हद्दीची मापे दोन वेळा घेऊन ताडून पाहण्याची जी सवय लागली होती ती येथे माझ्या कामी आली. निवडलेल्या उत्तम झाडाचे मी छाटही करून ठेवतो, कारण माझ्या गच्चीवर या वनस्पतीला फुलोरा धरलेला मी पाहिलेला नाही. युरोपात ती ऐन उन्हाळ्यातील लांब दिवसांत बारीक पांढरी फुले धरते, आणि तो शीतकाळ व ते दीर्घ दिवस पुण्याने तिला कोठून द्यावे? तेव्हा माझे बियाणे दरसाल बाहेरूनच येते, त्यातून नवी भावंडे पाहावयास मिळतात, आणि ज्या एखाद-दुसऱ्याचा वास मनात भरतो त्याचा वंश छाटांवर पुढे चालतो, तोही उन्हाळा चालू देईल तेथवरच.

उन्हाळ्याचे सांगतो. फाल्गुनापर्यंत झाड भरघोस असते. एप्रिलात पारा अडतीसच्या वर गेला की पानांच्या कडा तांबूस होऊन वळतात, पानांच्या पाठीवर लाल कोळी जाळी विणतो, आणि सकाळी टवटवीत दिसलेले झाड दुपारी मान टाकते. हिरव्या जाळीखाली, पूर्वेच्या भिंतीलगत, जेथे दहानंतर ऊन येत नाही तेथे कुंड्या हलवाव्या, झाड चार बोटे ठेवून कापावे, बुंध्याभोवती वाळलेल्या पाल्याचे आच्छादन द्यावे आणि पाणी संध्याकाळी घालावे. एवढे केले तर बरीचशी झाडे जूनपर्यंत तग धरतात. मग पाऊस येतो, आणि उन्हाने जे राखले ते सततच्या ओलीने जाते. मुळे कुजतात, पानांवर काळे ठिपके पडतात. वळचणीखाली ठेवलेल्या एखाद्या कुंडीतले झाड दसऱ्यापर्यंत पोहोचते, आणि त्याच्या छाटांना मी फार जपतो. पूर्वी झाड गेल्याचे मला वाईट वाटे; आता गव्हाचे शेत कापले गेल्यावर शेतकरी हळहळत नाही हे मी लक्षात घेतो. ज्या देशात ते वर्षानुवर्षे राहते तेथले नियम येथे लागू करून त्याच्यावर आणि स्वतःवर अन्याय करण्यात अर्थ नाही.

या निमित्ताने जी माणसे गच्चीवर आली त्यांपैकी दोघांविषयी लिहावेसे वाटते. युनानी वैद्यक करणारे एक वयोवृद्ध हकीम माझ्या एका मित्राबरोबर आले होते. त्यांनी पान हातात घेऊन वास घेतला आणि क्षणाचाही विलंब न लावता “हे तर बादरंजबूया” असे उद्गारले. इब्न सीनाने हृदयाच्या औषधांवर जो स्वतंत्र ग्रंथ लिहिला त्यात हिची योजना असल्याचे त्यांनी सांगितले, आणि युनानी खमिऱ्यांत ती आजही पडते. आपल्याकडच्या बाजारात त्या नावाखाली बहुधा निराळीच वनस्पती, तिच्याच कुळातली पण वेगळ्या जातीची, वाळवून विकली जाते, आणि हकीमसाहेबांनी आयुष्यभर तीच वापरली होती. ताजे, मूळ झाड त्यांनी त्या दिवशी हाताळले. बराच वेळ ते कुंडीजवळ बसून होते. जाताना त्यांनी पाने मागितली नाहीत, रोप मागितले. मी स्वतः मात्र औषधाच्या वाटेला जात नाही. झोप नीट न येणाऱ्यांना आणि पोट बिघडलेल्यांना युरोपात तिचा काढा देण्याची जुनी वहिवाट आहे. तथापि प्रयोगशाळेतील अभ्यासांत थायरॉइडच्या कार्यावर तिच्या अर्काचा परिणाम दिसून आला असल्यामुळे, त्या विकारावर किंवा झोपेसाठी औषधे घेणाऱ्या मनुष्याला वैद्याच्या सल्ल्यावाचून ती रोज घेण्यास मी कधीही सांगत नाही.

दुसरे पाहुणे महाबळेश्वर तालुक्यातील एक मधपाळ. व्हर्जिलच्या कृषिकाव्यात मधमाश्यांचा थवा बोलावण्यासाठी ही पाने चुरडून लावण्याची सूचना आहे, आणि प्लिनीनेही पोळ्याला हिचा पाला चोळण्याविषयी लिहिले आहे. ते मी वाचले होते आणि त्यांना सांगितले. सातेरी मधमाशीची वसाहत पेटी सोडून निघून जाते ही त्यांची नेहमीची चिंता. त्यांनी मोठ्या उत्साहाने पिशवीभर पाला नेला आणि रिकाम्या पेट्यांना आतून चोळला. पुढच्या खेपेस आले तेव्हा म्हणाले, “काका, दोन पेट्यांत माश्या आल्या, पण पाला न लावलेल्या पेटीतही आल्या. आता मी कशाच्या नावावर घालू?” त्यांच्या या सचोटीचे मला फार कौतुक वाटले. युरोपीय मधमाशी आपल्या सोबतिणींना वाट दाखविण्यासाठी पोटाच्या टोकाजवळील ग्रंथीतून जो गंध सोडते त्यात सिट्रल आणि जिरॅनिऑल ही या वनस्पतीतलीच द्रव्ये असतात, हे आता सिद्ध झाले आहे, आणि प्राचीनांचे निरीक्षण त्यामुळे निराधार ठरत नाही. परंतु एका जातीच्या माशीविषयीचे ज्ञान दुसऱ्या जातीला जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे, आणि मधपाळाचा शेरा मी वहीत त्याच्याच शब्दांत लिहून ठेवला आहे.

पाने घरी कशी वापरावी, हे थोडक्यात सांगतो. चहात घालावयाची असतील तर ताजी घालावी, उकळू नयेत, आणि भांड्यावर झाकण अवश्य ठेवावे, कारण जे आपल्याला हवे तेच वाफेबरोबर प्रथम निघून जाते. वाळवलेल्या पानांत तो वास फारच थोडा उरतो. उन्हात वाळवली तर तोही उरत नाही. तेल इतके अल्प असते की शंभर किलो ओल्या पाल्यामागे शंभर ग्रॅमही सहसा हाती लागत नाही, म्हणून बाजारात या नावाने मिळणाऱ्या तेलात गवती चहाच्या किंवा सिट्रोनेलाच्या तेलाची भेसळ फार असते. सतराव्या शतकापासून पॅरिसमधील कार्मेलाइट मठात हिचा पाला आणि इतर मसाले मद्यार्कात मुरवून केलेले अर्कजल प्रसिद्ध होते, एवढा तिचा तेथे मान. आमच्या घरी ताज्या पानांची चटणीही होते. पुदिन्याच्या निम्म्याने घ्यावी, आणि लिंबू पिळू नये.

पौषात पुनर्लागवड आटोपली की निवडीत न बसलेली रोपे मी वाटून टाकतो. वासाने ती थोडी उणी असली तरी घरच्या चहाला पुरेशी असतात. देताना मी दोन प्रश्न विचारतो: गॅलरी कोणत्या दिशेला आहे, आणि मे महिन्यात घर किती दिवस बंद असते. पूर्वेची किंवा उत्तरेची गॅलरी असेल तर रोप देतो, सोबत मूठ दाबून वाफसा कसा पाहावा तेही दाखवितो. नाशकास राहणाऱ्या एका भाचीकडचे झाड सलग दोन उन्हाळे टिकले. तिच्या घरामागे विहिरीची सावली आहे, आणि त्या झाडाचे छाट मी गेल्या वर्षी परत मागवून घेतले. पश्चिमेची गॅलरी असणाऱ्यास मात्र मी हे रोप देत नाही. त्याला गवती चहाचा एक चांगला ठोंब देतो, आणि तो वर्षभर बिनतक्रार वाढतो.